संरक्षणासाठी स्वातंत्र्यनियंत्रण : किशोरवयीनांच्या संदर्भात न्यायसंस्थेचे अधिकार व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना :

मावळ तालुक्यातील भाजे हे गाव इसवी सनापूर्वीच्या बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. मळवली स्थानकावर उतरून लेण्यांकडे जाणाऱ्या अनेकांना याच गावात ‘संपर्क’ या संस्थेचे बालग्राम आहे, हे ठाऊक नसते. निराधार मुलांना छप्पर, अन्न व शिक्षण देणाऱ्या अशा संस्थांकडे समाज करुणेच्या दृष्टीने पाहतो आणि ते योग्यच आहे. कायद्याची दृष्टी मात्र याहून वेगळी आहे. मुलाला कुटुंबापासून दूर, निवासी संस्थेत ठेवण्यासाठी सक्षम प्राधिकरणाचा आदेश लागतो. त्या आदेशाने मुलाला आसरा मिळतो. आणि त्याच आदेशाने त्याने कोठे राहावे, केव्हा बाहेर पडावे व कोणाकडे जावे यासंबंधीचे त्याचे स्वातंत्र्यही नियंत्रित होते.

याच पुणे जिल्ह्यात येरवडा येथे निरीक्षणगृह आहे. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांना चौकशीच्या काळात तेथे ठेवले जाते. बालगृह आणि निरीक्षणगृह या संस्थांचे हेतू भिन्न असले, तरी दोहोंना लागू होणारा अधिनियम एकच आहे आणि दोहोंच्या मुळाशी असणारे समर्थनही एकच आहे : ‘मुलाचे हित’. हे समर्थन इतके उदात्त आहे की, त्यापुढे प्रश्न उपस्थित करणे अनेकांस अप्रशस्त वाटते. तथापि, मे-जून २०२४ मध्ये पुण्यातील एका प्रकरणाने हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आणला. हित हे स्वातंत्र्य नियंत्रित करण्याचे कारण असू शकते. परंतु केवळ हित हा अधिकाराचा उगम असू शकतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयाशी काय कर्तव्य आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अकरावी व बारावीच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘बालक’ असतात. घर सोडून आलेली विद्यार्थिनी, विवाहाची सक्ती होत असलेली मुलगी, व्यसनात अडकलेला मुलगा यांची पहिली कुणकुण पुष्कळदा अध्यापकालाच लागते. त्याने उचललेल्या पावलाचा शेवट एखाद्या आदेशात होऊ शकतो. तो आदेश कोण देतो, कशाच्या आधारे देतो आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे त्याला माहीत असणे इष्ट आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

दुर्बलांचे पालकत्व राज्यसंस्थेकडे असते, ही कल्पना इंग्लंडच्या न्यायपरंपरेतून आपल्याकडे आली. ‘पॅरेन्स पेट्रिए’ या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तत्त्वानुसार, ज्याला स्वतःचे हित सांभाळता येत नाही त्याच्या हिताची काळजी राज्याने पालकाप्रमाणे घ्यावयाची असते. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेली सुधारगृहवजा औद्योगिक शाळा, पुढे १८७६ व १८९७ चे सुधारशाळा अधिनियम आणि १९२४ चा मुंबई बालक अधिनियम असा या विचाराचा आपल्या प्रांतातील प्रवास आहे. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक अधिनियम आला.

संपूर्ण देशासाठी बाल न्यायाचा कायदा १९८६ मध्ये झाला. त्या कायद्यात ‘अनावर’ मुलांविषयी स्वतंत्र तरतूद होती. मूल आपल्या ताब्यात राहत नाही अशी तक्रार पालकाने केल्यास चौकशीअंती त्याला संस्थेत पाठवता येत असे. पुढे २००० चा आणि त्यानंतर २०१५ चा अधिनियम आला. २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. या प्रवासात शब्द बदलले. ‘अनावर’ हे मुलाच्या स्वभावाचे वर्णन मागे पडले आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ हे त्याच्या परिस्थितीचे वर्णन पुढे आले. हा बदल महत्त्वाचा आहे. मूल वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्याची परिस्थिती धोक्याची आहे म्हणून राज्याने हस्तक्षेप करावयाचा, अशी ही भूमिका आहे. परंतु वर्णन बदलले म्हणून दाराची कडी आपोआप निघत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे विरुद्ध चिल्ड्रन्स एड सोसायटी या प्रकरणात निर्णय दिला. मुंबईतील मानखुर्द निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयीची ती तक्रार होती. निरीक्षणगृहात मुलांना फार काळ ठेवले जाऊ नये आणि जितका काळ ती तेथे असतील तितका काळ त्यांना उपयुक्त कामात गुंतवावे, असे न्यायालयाने सांगितले. संस्था कल्याणकारी आहे म्हणून ती न्यायालयीन तपासणीच्या बाहेर राहत नाही, हा या निर्णयाचा आपल्या विषयाशी संबंधित बोध होय.

२. विद्यमान कायद्यातील अधिकार :

अठरा वर्षांखालील व्यक्तीचे स्वातंत्र्य तिच्या हितासाठी नियंत्रित करण्याचे अधिकार आज प्रामुख्याने चार मार्गांनी वापरले जातात.

(अ) बालकल्याण समिती : २०१५ च्या अधिनियमाच्या कलम २७ नुसार स्थापन होणाऱ्या या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. ती रूढ अर्थाने न्यायालय नाही. परंतु तिला दंडाधिकाऱ्यांच्या न्यायपीठाचे अधिकार दिलेले आहेत. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कलम ३६ ची अपेक्षा आहे. बालकाला कुटुंबाचा आधार नाही किंवा त्याला पुढेही संरक्षण हवे आहे असे आढळल्यास समिती त्याला बालगृहात, योग्य व्यक्तीकडे किंवा पालक-कुटुंबाकडे पाठवू शकते. हा आदेश पुनर्वसनाची योग्य व्यवस्था होईपर्यंत किंवा बालक अठरा वर्षांचे होईपर्यंत चालू शकतो.

(आ) बाल न्याय मंडळ : विधी संघर्षग्रस्त बालकांचा विचार हे मंडळ करते. कलम १२ प्रमाणे अशा बालकाला जामिनावर मुक्त करणे हा नियम आहे. त्याला तीनच अपवाद आहेत : मुक्ततेमुळे बालक ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याचा संभव, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोचण्याचा संभव, किंवा न्यायाचा हेतू विफल होण्याचा संभव. यांपैकी पहिले दोन अपवाद उघडच मुलाच्या हिताचे आहेत. म्हणजे प्रौढाला जामीन नाकारताना समाजाचे व तपासाचे हित पाहिले जाते; मुलाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या हितासाठीही जामीन नाकारता येतो. मात्र जामीन नाकारल्यास त्याची कारणे व परिस्थिती लेखी नोंदवणे मंडळावर बंधनकारक आहे.

(इ) अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ : या अधिनियमाच्या कलम १७ खाली दंडाधिकारी सोडवून आणलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलींचा प्रश्न मात्र या वाटेने न जाता बाल न्यायाच्या वाटेने जावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ च्या ‘प्रेरणा’ प्रकरणात स्पष्ट केले.

(ई) उच्च न्यायालय : राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयापुढे बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका येते. एरवी ही याचिका बंदिवानाच्या सुटकेसाठी असते. अल्पवयीनाच्या बाबतीत मात्र त्याला कोणाच्या ताब्यात द्यावे, हेही न्यायालय त्याच्या हिताच्या दृष्टीने ठरवते. स्वातंत्र्याचे सर्वांत जुने साधन येथे पालकत्वाचेही साधन बनते.

या अधिकारांच्या शिरोभागी कलम ३ मधील सोळा मूलभूत तत्त्वे आहेत. त्यांत बालकाचे सर्वोत्तम हित आहे. त्याचबरोबर बालकाचा सहभाग, नैसर्गिक न्याय आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानणे ही तत्त्वेही आहेत. व्यवहारात यांपैकी पहिल्या तत्त्वाचा उच्चार वारंवार होतो. इतरांचा तितकासा होत नाही.

३. पुणे येथील २०२४ चे प्रकरण :

१९ मे २०२४ रोजी पहाटेपूर्वी पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा अठरा वर्षांखालील होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. या अटीने देशभर संतापाची लाट उसळली, आणि दोन कुटुंबांवर कोसळलेले दुःख पाहता तो संताप अनाकलनीय नव्हता.

त्यानंतर पोलिसांनी आदेशाच्या फेरविचारासाठी अर्ज केला. २२ मे रोजी मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवले आणि पुढे ही मुदत वेळोवेळी वाढवली गेली. समर्थनार्थ मुलाचे समुपदेशन व पुनर्वसन अशी कारणे पुढे आली. मूळ जामीन मात्र रद्द झालेला नव्हता. अशा रीतीने एकच मुलगा एकाच वेळी जामिनावर मुक्तही होता आणि निरीक्षणगृहात बंदिस्तही होता.

मुलाच्या आत्याने उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका केली. २५ जून २०२४ रोजी न्यायमूर्ती भारती डांगरे व न्यायमूर्ती मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठाने निरीक्षणगृहात ठेवण्याचे आदेश बेकायदेशीर ठरवून मुलाला आत्याच्या ताब्यात देण्यास सांगितले. आदेशात बदल करण्याचा कलम १०४ खालील मंडळाचा अधिकार मर्यादित आहे. बालकाला कोणत्या संस्थेत पाठवावे किंवा कोणाच्या देखरेखीखाली ठेवावे, यासंबंधीचा आदेश त्याखाली बदलता येतो. जामिनावर असलेल्या मुलाला जामीन रद्द न करताच बंदिस्त करण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. मानसतज्ज्ञाकडील समुपदेशन चालू ठेवण्याचे निर्देशही न्यायालयाने दिले.

या निर्णयाचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, समुपदेशनाची गरज मान्य करूनही न्यायालयाने त्यासाठी कोंडून ठेवण्याची गरज मान्य केली नाही. उपचार व बंदिवास ही जोडी अपरिहार्य नाही. दुसरी अशी की, हिताच्या भाषेत लिहिलेल्या आदेशालाही ‘हा अधिकार तुम्हांला कायद्याने दिला आहे काय’ हा प्रश्न विचारला गेला. ज्या मुलाविषयी समाजात सहानुभूती जवळजवळ नव्हती, त्याच्याच प्रकरणात हा प्रश्न विचारला गेला, म्हणून त्याचे मोल अधिक आहे. मृत्यू पावलेल्यांना न्याय मिळण्याचा मार्ग खटल्यातून जातो. चौकशीपूर्वीच्या ‘पुनर्वसना’तून नव्हे.

येथे एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हे प्रकरण गाजले आणि मुलाच्या कुटुंबाकडे निष्णात वकिलांची साधने होती. सुमारे एका महिन्यात उच्च न्यायालयाचा निर्णय झाला. बालगृहात किंवा निरीक्षणगृहात असलेल्या सर्वसामान्य मुलासाठी अशी याचिका कोण करणार? त्याचे आईवडील अनेकदा नसतात, असले तर असमर्थ असतात, आणि कधीकधी धोका त्यांच्याकडूनच असतो. अशा मुलाची बाजू घेणारी सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे खुद्द कायदा होय. म्हणूनच कायद्यातील कालमर्यादा, लेखी कारणे व सुनावणी यांना तांत्रिक बाबी समजून चालणार नाही.

४. संरक्षणाचा काळ आणि शिक्षेचा काळ :

आता एका विसंगतीचा विचार करू. चौदा वर्षांच्या मुलाने गुन्हा केल्याचे सिद्ध झाल्यास कलम १८ नुसार त्याला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. त्याच वयाच्या, कोणताही गुन्हा न केलेल्या निराधार मुलाला मात्र बालगृहात चार वर्षे, म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत, ठेवले जाऊ शकते. अर्थात दोन्ही संस्थांचे स्वरूप सारखे नाही आणि बालगृह हे घराच्या जागी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याला घर नाही त्याला तीन वर्षांनी बाहेर काढणे हे हित होणार नाही. तथापि, कलम ९८ पाहिल्यास ध्यानात येते की, संस्थेतील मुलाला परीक्षा, नातेवाइकाचा विवाह किंवा आप्ताचा मृत्यू अशा प्रसंगी बाहेर जाण्यासाठीही समितीची वा मंडळाची परवानगी लागते आणि ती सर्वसाधारणपणे एका वेळी सात दिवसांहून अधिक नसते. जेथून बाहेर पडण्यास आदेश लागतो तेथे स्वातंत्र्य नियंत्रित झालेले आहे, हे नाकारता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या, स्वातंत्र्यवंचित बालकांच्या संरक्षणविषयक नियमांतही हीच कसोटी आहे. सार्वजनिक वा खाजगी कोणत्याही बंदिस्त ठिकाणी अधिकृत आदेशाने ठेवले जाणे आणि तेथून स्वेच्छेने बाहेर पडता न येणे म्हणजे स्वातंत्र्यवंचना, असे ते नियम मानतात. संस्थेच्या फलकावर ‘तुरुंग’ लिहिले आहे की ‘गृह’, याने फरक पडत नाही.

मग प्रश्न उरतो तो नियमित फेरतपासणीचा. बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २५ नुसार काळजी वा संरक्षणासाठी संस्थेत ठेवलेल्या बालकाला त्याच्या परिस्थितीच्या नियतकालिक फेरतपासणीचा हक्क आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. २०१५ च्या अधिनियमातही फेरतपासणीची तरतूद आहे आणि समितीने दरमहा किमान दोन वेळा निवासी संस्थांना भेट द्यावी अशी अपेक्षा आहे. तपासणी समित्यांनी तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्था पाहावयाची असते. परंतु संस्थेची तपासणी आणि मुलाच्या तेथे असण्याची तपासणी या भिन्न गोष्टी आहेत. स्वयंपाकघर स्वच्छ आहे, पटावरील संख्या बरोबर आहे, हे पाहून ‘या मुलीला आज येथे ठेवण्याची गरज उरली आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अधिक काटेकोर आहे. त्याच्या कलम ८७ नुसार अल्पवयीनाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल केल्यास बहात्तर तासांत संबंधित मंडळास कळवावे लागते; दाखल राहण्याचा काळ तीस दिवसांपुढे गेल्यास आणि त्यानंतर दर तीस दिवसांनी मंडळाची फेरतपासणी सक्तीची आहे. रुग्ण मुलासाठी जी दक्षता कायद्याने घेतली, ती निराधार मुलासाठीही तितक्याच स्पष्टपणे घेतली जावी, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

५. अन्य देशांतील अनुभव :

अमेरिकेत १९६७ मध्ये निर्णय झालेले गॉल्ट प्रकरण या विषयात पायाभूत मानले जाते. ॲरिझोना राज्यातील पंधरा वर्षांच्या मुलावर अश्लील दूरध्वनी केल्याचा आरोप होता. बाल न्यायालयाने त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत औद्योगिक शाळेत पाठवले. हेच कृत्य प्रौढाने केले असते तर अधिकतम शिक्षा पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद इतकीच होती. मुलाला आरोपाची रीतसर सूचना नव्हती, वकील नव्हता, तक्रारदाराची उलटतपासणी नव्हती. कारण न्यायालय हे त्याचे ‘पालक’ होते व पालकाशी वाद घालावयाचा नसतो, अशी समजूत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत नाकारली आणि मुलालाही न्याय्य प्रक्रियेचा हक्क असल्याचे ठरवले.

इंग्लंडने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील १९८९ च्या बालक अधिनियमाने मुलाची काळजी घेणे आणि त्याला कुलपात ठेवणे यांत भेद केला आहे. मूल वारंवार पळून जाते आणि पुन्हा पळाल्यास त्याला गंभीर इजा पोचेल, किंवा ते स्वतःला वा इतरांना इजा करील, अशी स्थिती असेल तरच त्याला सुरक्षित निवासात ठेवता येते. न्यायालयाच्या आदेशाविना अठ्ठावीस दिवसांत एकूण बहात्तर तासांपेक्षा अधिक काळ तसे करता येत नाही. न्यायालयाचा पहिला आदेश तीन महिन्यांपर्यंत व त्यानंतरचा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. पुढे अशा निवासांची संख्या अपुरी पडू लागली, आणि २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारातून पर्यायी व्यवस्थेस परवानगी देणे मान्य करावे लागले. कायदा चांगला असला तरी जागा नसतील तर न्यायालयाची कोंडी होते, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडे बालगृहात पाठवण्याच्या आदेशातच बाहेर पडण्यावरील निर्बंध अंतर्भूत असतात. कुलपासाठी स्वतंत्र कारण, स्वतंत्र मुदत व स्वतंत्र सुनावणी नाही. इंग्लंडच्या तरतुदींतून घेण्यासारखे असेल तर ते हेच की, आसऱ्याचे कारण आणि कुलपाचे कारण वेगवेगळे विचारले जावे.

६. मुलाचे मत आणि वयाची सीमारेषा :

अठरावे वर्ष ही कायद्याने आखलेली रेषा आहे. ती ओलांडल्यावर न्यायालयाचे पालकत्व संपते. शफीन जहाँ प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान स्त्रीच्या निवडीवर ‘पालक’ या नात्याने नियंत्रण ठेवण्याची केरळ उच्च न्यायालयाची भूमिका अमान्य केली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचे आदेश रद्द केले.

परंतु सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या व्यक्तीचे काय? रेषेच्या अलीकडे मनच नसते, असे कायदाही मानत नाही. १९६४ मध्ये एस. वरदराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अठरा वर्षांच्या उंबरठ्यावरील महाविद्यालयीन युवती स्वतःहून घर सोडून गेली असता तिला ‘पळवून नेले’ असे म्हणता येत नाही, असा निर्णय दिला. २०१५ च्या अधिनियमातील सहभागाचे तत्त्वही बालकाचे म्हणणे त्याच्या वयाचा व परिपक्वतेचा विचार करून लक्षात घेण्यास सांगते.

याउलट, मुलीची इच्छा हाच एकमेव निकष मानणेही धोक्याचे आहे. पश्चिम बंगालमधील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये, तिला वेळीच संरक्षण न देणाऱ्या राज्ययंत्रणेस दोषी धरले. मे २०२५ मध्ये त्याच प्रकरणात, घटनेनंतरच्या कायदेशीर प्रक्रियेनेच तिला अधिक यातना दिल्या, हेही न्यायालयाने नमूद केले. हस्तक्षेप न करणे आणि आंधळा हस्तक्षेप करणे, या दोन्ही टोकांची किंमत एकाच मुलीने मोजली.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मावळातील अकरावीची एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी विवाह ठरवला म्हणून घर सोडते आणि लोणावळा स्थानकावर पोलिसांना सापडते. अल्पवयात विवाह होण्याचा निकटचा धोका असलेले बालक हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक असल्याचे कलम २ मध्ये नमूद आहे. तिला तत्काळ आईवडिलांच्या स्वाधीन करणे म्हणजे धोक्याच्या स्वाधीन करणे होय. म्हणून समिती तिला बालगृहात पाठवते. येथवर कायद्याने आपले काम केले. पुढे तिची मावशी तिला सांभाळण्यास तयार होते, मुलगीही तेथे जाऊ इच्छिते, आणि बारावीची परीक्षा जवळ येते. आता बालगृहातील तिचा प्रत्येक दिवस नव्याने समर्थनीय ठरला पाहिजे. मावशीचे घर योग्य असेल, तर ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तिच्याकडे सोपवण्याची तरतूद कायद्यात आहे. जे कारण पहिल्या आठवड्यात पुरेसे होते, ते सहाव्या महिन्यातही पुरेसे असेलच असे नाही.

७. पाच कसोट्या :

वरील विवेचनावरून, मुलाच्या हितासाठी दिलेल्या कोणत्याही नियंत्रक आदेशास पुढील पाच प्रश्न विचारता येतील.

(१) उगम : हा अधिकार कोणत्या कलमाने, कोणत्या प्राधिकरणास दिला आहे?

(२) कारण : धोका नेमका कोणता, तो कोणाकडून, आणि त्याची लेखी नोंद आहे काय?

(३) पर्याय : आप्तांचे घर, पालक-कुटुंब, खुले निवारागृह, देखरेखीखालील मुक्तता अशा सौम्य उपायांचा विचार झाला काय?

(४) म्हणणे : मुलाला त्याच्या भाषेत आदेश समजावून सांगून त्याचे मत विचारले गेले काय?

(५) मुदत : आदेश केव्हा संपणार, आणि तोवर त्याची फेरतपासणी कोण व केव्हा करणार?

समितीच्या वा मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. ते सामान्यतः बाल न्यायालयाकडे, तर पालक-कुटुंब, प्रायोजकत्व यांसारख्या बाबींत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाते. कलम १०२ खाली उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा मार्गही आहे. अध्यापकाच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. कलम ३१ प्रमाणे कोणीही जागरूक नागरिक बालकाला समितीपुढे आणू शकतो आणि बालक स्वतःही तेथे जाऊ शकते. १०९८ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. तथापि, मुलाला समितीपर्यंत पोचवून अध्यापकाचे कर्तव्य संपते असे समजू नये. त्या विद्यार्थ्याची हजेरी, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि परीक्षेसाठीची रजा यांविषयी समितीला वेळीच लेखी कळवणे हे महाविद्यालयाच्या हातात आहे. पटावरून नाव कमी झाले की परतीची एक वाट बंद होते.

निष्कर्ष :

किशोरवयीनाचे स्वातंत्र्य त्याच्या हितासाठी नियंत्रित करण्याचा अधिकार आवश्यक आहे. तो नसता तर सक्तीच्या विवाहातून, देहविक्रयाच्या बाजारातून वा घरातील अत्याचारातून मुलांना बाहेर काढणे अशक्य झाले असते. प्रश्न अधिकार असावा की नसावा हा नाही. शिक्षा देताना आपण जितके सावध असतो तितके संरक्षण देताना असतो काय, हा खरा प्रश्न आहे. शिक्षेबाबत समाज जागरूक असतो, कारण तेथे दुःख दिले जात असल्याची जाणीव असते. संरक्षणाबाबत तो निर्धास्त असतो, कारण तेथे उपकार होत असल्याची भावना असते. आणि या निर्धास्तपणातच मुलाचे वर्ष-दोन वर्षे सहज निघून जाऊ शकतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न न गाजलेल्या प्रत्येक मुलासाठी विचारला जाणे, हे बाल न्याय व्यवस्थेपुढील आजचे काम आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम ३ मधील तत्त्वे, लेखी कारणे, चार महिन्यांची मुदत आणि फेरतपासणी यांचा अंमल प्रामाणिकपणे झाला तरी पुष्कळ साध्य होईल. हित साधण्यासाठी दार बंद करावे लागले, तर ते पुन्हा केव्हा उघडायचे हेही त्याच आदेशात लिहिलेले असावे.